मेल्विन फ्रँकलिन: टेम्प्टेशन्सचा खर्ज

मंद्रसप्तक | २३ फेब्रुवारी, सकाळी ७:४०

आज मेल्विन फ्रँकलिनला जाऊन बरोबर ३० वर्षं झाली. २३ फेब्रुवारी १९९५, लॉस एंजेलिस. वय अवघं ५२.

नाव ओळखीचं नसेल, पण आवाज असेल. 'द टेम्प्टेशन्स' ही डेट्रॉइटची पाच गायकांची मंडळी, मोटाउन या रेकॉर्ड कंपनीची. 'माय गर्ल' कधीच कानावर पडलं नाही असा माणूस मला अजून भेटायचाय. त्या पाचांतला सगळ्यात खालचा आवाज मेल्विनचा. १९६१ साली कंपनीशी करार झाला, तेव्हापासून शेवटपर्यंत तो गटात होता. डेव्हिड रफिन आला नि गेला. एडी केन्ड्रिक्स गेला, पॉल विल्यम्स गेला. डेनिस एडवर्ड्स तर आला, गेला, परत आला. सुरुवातीच्या पाचांपैकी १९९५ पर्यंत टिकले दोघंच, ओटिस विल्यम्स आणि मेल्विन.

या गटाचा विषय निघाला की लोक रफिनच्या खरखरीत, काळजाला हात घालणाऱ्या आवाजाबद्दल बोलतात, नाहीतर केन्ड्रिक्सच्या पातळ, टिपेच्या आवाजाबद्दल. मला विचाराल तर टेम्प्टेशन्सना टेम्प्टेशन्स केलं ते मेल्विनने. वर केन्ड्रिक्स, खाली मेल्विन, आणि मधे इतकी ऐसपैस जागा की बाकीच्या तिघांनी कुठेही बसावं.

तर विचारायचं हे होतं, की त्याचा आवाज तुम्हाला वेगळा काढून ऐकता येतो का? पहिल्यांदा कुठल्या गाण्यात सापडला?

---

पावशेर | सकाळी ८:०५

अरे बापरे! मी इतकी वर्षं समजत होतो की 'माय गर्ल' गाणारा हाच.

---

मंद्रसप्तक | सकाळी ८:१२

@पावशेर, नाही. ते मुख्य गायन रफिनचं. तो १९६४ च्या सुरुवातीला गटात आला आणि त्याच वर्षी हे गाणं त्याच्याकडे आलं. १९६५ च्या मार्चमध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं, गटाचं पहिलं नंबर एक. धृपदात ते दोन शब्द पुन्हा पुन्हा येतात ना, तिथे मागे लक्ष द्या. थरांतला सगळ्यात खालचा थर मेल्विन.

---

मिशिगनकर | सकाळी ८:५०

डेट्रॉइटच्या जवळ राहून १९ वर्षं झाली, त्यामुळे या धाग्यावर लिहिणं भाग आहे.

वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवर २६४८ नंबरचं घर आहे. पांढरं, दोन मजली, दर्शनी भागावर निळ्या अक्षरांत 'हिट्सव्हिल यूएसए'. बेरी गॉर्डीने १९५९ मध्ये घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन मोटाउन कंपनी काढली, तिचं हे घर. आता तिथे संग्रहालय आहे. पहिल्यांदा गेलो तेव्हा रस्ता चुकलो असं वाटलं, कारण आजूबाजूला सगळी साधी राहती घरं. एवढ्याशा घरातून एवढं संगीत निघालं हे पटायला पाच मिनिटं लागतात.

आत स्टुडिओ ए. दोन-तीन पायऱ्या उतरून जायचं. खोली किती असेल, तर आपल्याकडच्या मंगल कार्यालयातल्या वधूपक्षाच्या खोलीएवढी. तिथे वादकांची फौज बसायची. वरच्या मजल्यावर छताला एक भोक आहे आणि त्यावर माळ्याची पोकळी. आवाजाला घुमारा देण्यासाठी केलेली ती व्यवस्था. त्याखाली उभं राहून टाळी वाजवली की ती तुमची राहतच नाही, मोठी होऊन परत येते.

आमच्या गटाला मार्गदर्शक बाईंनी स्टुडिओत उभं करून 'माय गर्ल' म्हणायला लावलं, पावलांसकट. सगळे वरची चाल धरून. एक साठीचे कृष्णवर्णीय गृहस्थ मागे उभे होते, त्यांनी एकट्याने खालची ओळ धरली आणि आम्ही सगळे आपोआप सुरात आलो. बाई गाणं न थांबवता त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "आज मेल्विन आलाय." मला तो असा सापडला, मेल्यानंतर दोन दशकांनी.

---

निळीशाई | सकाळी ९:०२

@मिशिगनकर, काय सुंदर लिहिलंत. वाचनखूण साठवली.

---

जुनीतबकडी | सकाळी ९:४०

थोडा विरोधी सूर लावतो. मोटाउनच्या गाण्यांतला खालचा भाग म्हटलं की मला जेम्स जेमरसन आठवतो, बास गिटारवाला. 'माय गर्ल'चे पहिले दोन सूर त्याचे. तो उजव्या हाताच्या एकाच बोटाने छेडायचा आणि त्यातून काय काय काढायचा! खाली असा माणूस बसलेला असताना गळ्याने पुन्हा तेच करणारा गायक कशाला हवा? डू-वॉपच्या काळी पोरं रस्त्याच्या कोपऱ्यावर वाद्यांशिवाय गायची, तेव्हा गरज होती. १९६४ नंतर बास गायक ही बरीचशी रीत म्हणून उरलेली गोष्ट वाटते. मेल्विनचा आवाज उत्तमच, पण पाया जेमरसनचा.

---

ध्वनीवेडी | सकाळी १०:२५

@जुनीतबकडी, मी ध्वनिमुद्रणात काम करते, म्हणून या प्रश्नावर थोडं सविस्तर.

पुरुषाचा खर्ज म्हणजे साधारण ८०-९० हर्ट्झच्या आसपास. १९६४ सालचा ट्रान्झिस्टर किंवा गाडीतला रेडिओ घ्या. त्याच्या तळहाताएवढ्या स्पीकरमधून इतक्या खालचं जवळजवळ काही बाहेर पडत नाही. मोटाउनच्या लोकांना हे पक्कं ठाऊक होतं. गाणी कुठे ऐकली जाणार तर गाडीत, म्हणून मिश्रण झालं की ते छोट्या स्पीकरवर वाजवून बघायचे.

मग तिथे मेल्विन ऐकू कसा यायचा? माणसाचा गळा नुसता मूळ सूर काढत नाही, त्यासोबत वरच्या उपस्वरांची रांग निघते. छोट्या स्पीकरमधून ती रांग बाहेर पडते आणि आपला कान तिच्यावरून गाळलेला मूळ सूर स्वतःच भरून काढतो. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचं तेच. जवारी चांगली लागली असेल तर ती तार लांबूनही कळते, ती त्या उपस्वरांमुळे. मेल्विनच्या गळ्याला अशी जवारी होती. शिवाय गळ्याला शब्द असतात. 'म' म्हणताना मिटलेले ओठ आणि 'आ'साठी उघडणारं तोंड गिटारच्या तारेला कुठून येणार?

---

जुनीतबकडी | सकाळी १०:४१

तंबोऱ्याचा मुद्दा बिनतोड. मान्य. पण जेमरसन सोडणार नाही.

---

ध्वनीवेडी | सकाळी १०:४४

मग मी तरी कुठे सोडतेय! दोघेही हवेत.

---

पावशेर | सकाळी ११:१०

सगळं वाचून आता घरात मोठ्याने लावलंय. माझा सहा वर्षांचा मुलगा विचारतोय, "बाबा, हे काका विहिरीत उभं राहून गातायत का?"

---

भूपाळी | सकाळी ११:३०

@पावशेर, मुलाला शाबासकी द्या, त्याच्या कानात खर्ज बरोबर पोचला.

अवांतर: 'माय गर्ल'च्या सुरुवातीला जेमरसनच्या पाठोपाठ गिटारवर जी चढती ओळ येते, ती रॉबर्ट व्हाइटची. पेटीवर वाजवून बघा. सा रे ग प ध सां. सरळ भूपाचा आरोह! मग कॉर्ड बदलली की तीच ओळ मध्यमाला षड्ज धरून. आणि शेवटच्या कडव्याआधी सगळं गाणं एक पूर्ण स्वर वर सरकतं. माझ्या क्लासच्या मुलांना भूप शिकवताना मी ही ओळ वाजवून दाखवते, आणि त्या दिवसानंतर मध्यम-निषाद वर्ज्य आहेत हे कोणी विसरत नाही.

---

बार्देशी | दुपारी १२:१५

गोव्यातल्या एका चर्चच्या क्वायरमध्ये मी २२ वर्षं बास गातोय, म्हणून बासवाल्यांच्या वतीने चार शब्द.

आमच्याकडे चार आवाज. सोप्रानोला चाल मिळते, लोक तीच घरी गुणगुणत जातात. आल्टो आणि टेनर मधली जागा भरतात. बासाची ओळ वेगळी काढून गायली तर तिला गाणं म्हणावं असं त्यात काही नसतं, वरून खाली उड्या नुसत्या. लहानपणी मेस्तने, म्हणजे क्वायरच्या मास्तरांनी, मला बासात घातलं तेव्हा मी रडलो होतो. शिक्षा झाली असं वाटलं.

@जुनीतबकडी, पाया कोणाचा या प्रश्नावर एक घडलेली गोष्ट सांगतो. आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ बास गेले. त्यांच्या अंत्यविधीच्या मिस्साला मी आजारी होतो, दुसरा बास परगावी. ऑर्गन होता, त्यावर बासाचे सूर वाजतच होते. एका टेनरने बासाची ओळ आपल्याला झेपेल तशी एक सप्तक वर उचलून गायली. सूर सगळे बरोबर. पण जो सूर तळाला असायला हवा तो अल्टोच्या बरोबरीला येऊन बसला, आणि तेच ओळखीचं भजन अधांतरी वाटायला लागलं. बाकांवरच्या लोकांनासुद्धा जाणवलं, काय चुकलं ते त्यांना सांगता येईना एवढंच. माझ्या बायकोने घरी येऊन मला हे सांगितलं आणि ती संगीत शिकलेली नाही.

मेल्विनला मी ऐकलं ते १९८० च्या ख्रिसमसच्या रेकॉर्डवर, 'सायलेंट नाइट'मध्ये. वडील बोटीवर होते, त्यांनी आणलेली कॅसेट. शेवटी तो सगळ्या गटातर्फे नाताळच्या शुभेच्छा देतो. आमच्या घरी ती कॅसेट लागल्याशिवाय नाताळ सुरू होत नसे, अजूनही होत नाही.

---

जुनीतबकडी | दुपारी १२:३२

@बार्देशी, यावर माझ्याकडे उत्तर नाही. ऑर्गन असूनही अधांतरी. हे लक्षात ठेवीन.

---

कट्टेकरी | दुपारी १:२०

बास गायकांचा धागा निघालाच आहे तर त्याच्या आधीच्या पिढीलाही नमस्कार व्हायला हवा. इंक स्पॉट्समधले हॉपी जोन्स, १९३०-४० च्या दशकातले. वरचा गायक कडवं गाऊन झाला की हे तेच शब्द खालच्या आवाजात नुसते बोलायचे, जवळच्या माणसाशी बोलल्यासारखे. 'टॉकिंग बास' म्हणतात ते तेव्हापासून. नंतर रेव्हन्सचे जिमी रिक्स, त्यांनी बासाला थेट मुख्य गायकाच्या जागी आणलं. आणि १९६१ मध्ये मार्सेल्सचं 'ब्लू मून', ज्याच्या सुरुवातीला फ्रेड जॉन्सन निरर्थक अक्षरांचा असा काही धबधबा सोडतो की मूळचं संथ प्रेमगीत उड्याच मारायला लागतं. आपल्या तराण्यातल्या 'तोम तनन'ला शोभेल असा भाऊ आहे तो.

मेल्विनमध्ये हे तिन्ही आहेत. बोलणंही, पुढे येऊन गाणंही, आणि मागे राहून गाडी ओढणंही.

---

सांजवेळ | दुपारी २:०५

जलशांमध्ये मेल्विनचं ठरलेलं एकट्याचं गाणं होतं 'ओल' मॅन रिव्हर'. हे गाणं म्हटलं की जगाला पॉल रोबसन आठवतो, तोही बास. मिसिसिपी नदी, काठावर ओझी वाहणारी काळी माणसं, आणि सगळं बघत निमूट वाहणारं पाणी.

आपल्याशी याचं नातं असं, की भूपेन हजारिका कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना न्यूयॉर्कमध्ये रोबसनना भेटले आणि त्या गाण्यावरून त्यांनी असमियात ब्रह्मपुत्रेला जाब विचारणारं गाणं केलं. पुढे ते हिंदीत गंगेचं झालं. ते आपल्या घराघरांत पोचलं.

अलाबामात जन्मलेला, दहाव्या वर्षाच्या सुमारास डेट्रॉइटला आलेला मुलगा मोटाउनच्या झगमगीत सूटमध्ये उभा राहून ते नदीचं गाणं म्हणतो. अलाबामाहून मोटारींच्या कारखान्यांकडे आलेल्या हजारो घरांतलं एक घर त्याचं. ते गाणं त्याला शोभायचं ते केवळ आवाज खोल म्हणून नव्हे, असं मला फार वाटतं.

---

पावशेर | दुपारी २:११

@सांजवेळ, गंगेचं गाणं त्या गाण्यावरून आलं हे माहीत नव्हतं. अंगावर काटा आला.

---

उन्हाचीतिरीप | दुपारी ३:३०

मी सहसा वाचनमात्र असते. पण आज लिहायचं आहे.

मला २९ व्या वर्षापासून संधिवात आहे, तो आमवाताचा प्रकार, र्‍हुमॅटॉइड. मेल्विनलाही तोच होता. त्याच्या आयुष्यात तो विशीतच शिरला, १९६० च्या दशकाच्या शेवटी, म्हणजे गट ऐन भरात असताना. पुढची पंचवीसेक वर्षं तो कॉर्टिसोनच्या आधाराने उभा राहिला. हे औषध वेदना झाकतं आणि बाकी शरीराकडून त्याची किंमत वसूल करतं. त्याला मधुमेह झाला. १९७८ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये त्याची गाडी पळवू पाहणाऱ्याने त्याच्यावर गोळ्या झाडल्या, त्यातूनही तो बरा होऊन मंचावर परत आला.

ज्यांना हा आजार नाही त्यांना सांगते. सकाळी उठल्यावर बोटं मिटत नाहीत. चहाचा कप दोन्ही हातांनी उचलायचा. गुडघा कधी साथ देईल आणि कधी नाही याचा भरवसा नाही. आता टेम्प्टेशन्सचे कार्यक्रम यूट्यूबवर बघा. चॉली अ‍ॅटकिन्सने बसवलेली पावलं, गिरक्या, गुडघ्यात वाकून झटक्यात उठणं, पाच जणांचं एकाच क्षणी वळणं. एक जण अर्धा क्षण मागे पडला तर सगळं विस्कटतं. मी त्या चित्रफिती आवाज बंद करून फक्त त्याचे पाय बघत पाहिल्या आहेत. तो मागे पडत नाही. काही कार्यक्रमांत हात पूर्ण उघडत नाहीत असं मला दिसतं, आणि ते कदाचित मलाच दिसत असेल, कारण माझेही उघडत नाहीत.

@मंद्रसप्तक, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: मला तो आधी दिसला आणि मग ऐकू आला.

---

निळीशाई | दुपारी ३:४२

ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत.

---

भूपाळी | दुपारी ३:५५

@उन्हाचीतिरीप, आज संध्याकाळी मुलांना ती पावलं दाखवणार आहे. तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला तर चालेल का?

---

उन्हाचीतिरीप | दुपारी ४:०३

चालेल. आनंदाने.

---

कट्टेकरी | सायंकाळी ५:१५

मूळ लेखात एका गोष्टीला न्याय मिळाला नाही असं वाटतं: १९६८ नंतरचा काळ. रफिन गेला, डेनिस एडवर्ड्स आला आणि निर्माता नॉर्मन व्हिटफील्डने गटाचा चेहरामोहरा बदलला. आधी एक जण गायचा आणि चौघं झील धरायचे. आता पाचही जण ओळी वाटून घ्यायला लागले. 'क्लाउड नाइन'ने मोटाउनला पहिलं ग्रॅमी मिळवून दिलं. आणि माझ्या मते मेल्विन खरा सुटला तो इथे.

'बॉल ऑफ कन्फ्यूजन' ऐका, १९७०. वंशभेद, युद्ध, कर, व्यसनं, सगळं एकामागून एक धाडधाड अंगावर येतं, आणि त्या गदारोळात अचानक मेल्विनची एक छोटीशी ओळ: बँड वाजतच राहिला. एवढंच. त्या खोल, न हलणाऱ्या आवाजात ती ओळ आली की आधीचा सगळा आरडाओरडा जास्तच भयंकर वाटतो. हीच ओळ केन्ड्रिक्सने गायली असती तर ती तक्रार वाटली असती.

१९७२ चं 'पापा वॉज अ रोलिन' स्टोन' हे त्याचं टोक. अल्बमवरची आवृत्ती जवळपास १२ मिनिटांची, त्यातली सुरुवातीची चारेक मिनिटं कोणी गातच नाही. मग भावंडं आईला गेलेल्या बापाबद्दल विचारत राहतात. त्या भावंडांत मेल्विन आहे म्हणून ते कुटुंब वाटतं. घरात एखादा कमी बोलणारा थोरला असतो ना, तसा.

---

निळीशाई | सायंकाळी ५:४०

पण मग आता जो गट टेम्प्टेशन्स नावाने फिरतो तो टेम्प्टेशन्सच का? मेल्विननंतर आलेले रे डेव्हिस पार्लमेंट-फंकाडेलिक या फंक बँडचे, म्हणजे दमदारच. पण मूळचा फक्त ओटिस.

---

झीलकरी | सायंकाळी ६:१०

@निळीशाई, संगीत नाटकाची पद्धत आठवा. 'सौभद्र'मधला कृष्ण किती जणांनी केला! संच बदलतो, पदं तीच, रंगभूमी तीच. प्रेक्षक नव्या कृष्णाला आधी जुन्याशी ताडून बघतो आणि तिसऱ्या पदापर्यंत त्याचा होऊन जातो.

फक्त एक फरक मला वाटतो. कृष्णाची जागा लिहिलेली आहे. मेल्विनची जागा कोणी लिहिली नव्हती, त्याने ३४ वर्षं उभं राहून ती आखली. माझ्या आडनावात नसलं तरी घरात झील धरणं आहे, आजोबा शाहिरांच्या मागे उभे राहायचे. त्यांना विचारलं की ते म्हणायचे, शाहीर श्वास घेतो तेवढा वेळ गाणं आमच्या अंगावर असतं.

---

मंद्रसप्तक | रात्री ९:३०

दिवसभर कामात होतो, आत्ता सगळं सलग वाचलं. @कट्टेकरी, अगदी बरोबर, व्हिटफील्डचा काळ सुटलाच होता. @उन्हाचीतिरीप, मी त्या चित्रफिती किती वेळा पाहिल्यात, पाय कधी पाहिले नव्हते. आता पाहिले.

आवाज ओळखायला शिकायचा असेल त्यांना एक सोपी वाट सांगतो. १९६९ चं 'आय कान्ट गेट नेक्स्ट टू यू' लावा. त्यात पाचही जण आळीपाळीने पुढे येतात, त्यामुळे प्रत्येकाची हजेरी लागते. मेल्विन चुकणं अशक्य. एकदा तिथे ओळख झाली की मग मागे जाऊन 'माय गर्ल' ऐका.

---

पावशेर | रात्री ११:०५

केलं. आधी १९६९ चं तीनदा, मग हेडफोन लावून 'माय गर्ल'. धृपदात वरून खाली आवाज उतरत जातात, आणि मी प्रत्येक वेळी वरच्याच आवाजामागे जायचो. या वेळी खालीच थांबून राहिलो. दुसऱ्या धृपदात सापडला.

मुलगा झोपलाय, नाहीतर त्याला सांगितलं असतं की विहिरीतले काका भेटले. सकाळी सांगतो.